नानांचा मोतीबिंदू आणि माझी कॅप्सूल

नाना, काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्याही उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला, आणि तिथल्या बाकावर बसल्या बसल्या तुमची फार आठवण आली. मकरपुऱ्याच्या औषध कारखान्यात मी नवीनच लागले होते. ई जीवनसत्त्वानं म्हातारपणीचा मोतीबिंदू थांबतो, असं कुठल्याशा पुरवणीत वाचून मी तुमच्यासाठी हिरव्या कॅप्सूलांची बाटली घेऊन आले. बी.एस्सी. झालेल्या लेकीचा शब्द तुम्हांला ब्रह्मवाक्य. जन्मभर ड्राफ्ट्समनकी केलेले तुम्ही. साडेसातला तुपाच्या पोळीबरोबर कॅप्सूल, आणि लगेच वहीत टोकदार पेन्सिलीनं खूण. एकदा मी त्यातली एक फोडून तोंडाला चोळली, तर "औषध आहे ते, स्नो-पावडर नव्हे," म्हणून केवढे रागावलात. पाणीगेटच्या आपल्या गुजराती गल्लीत मोतियो काढला का, असं कुणी विचारलं की लेकीच्या औषधानं रोखून धरलाय म्हणून तुम्ही ऐटीत सांगायचात, "ना भाई, दीकरीनी दवाए रोकी राख्यो छे." ऑपरेशन करायचं तर थंडीतच, हा तुमचा हट्ट. अशा तीन थंड्या गेल्या.

मग मी बाळंतपणाला माहेरी आले आणि तुम्हांला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "कॅप्सूल खा खुशाल, पण यानं मोतीबिंदू थांबत नाही. पिकायची वाटही बघू नका." त्यांनी डिसेंबरमधली तारीख दिली. परतताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "आपण घरीच डोळ्याची परीक्षा घेऊ. त्यांना काय कळतंय तुझ्या औषधातलं."

रविवारची सकाळ आहे. माझ्या मांडीवर पंधरा दिवसांची मुलगी आहे. तुम्ही गॅलरीत, डाव्या डोळ्यावर हात धरून, समोरच्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचताय, "लेडीज टेलर. ब्लाउज एक दिवसात." वळून विचारताय, "बरोबर?" टेलरनं दुकान आठवड्यापूर्वीच बंद केलंय. तिथं आता एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी आहे, हातभर अक्षरांची. तुम्ही पाठ असलेलं म्हणताय. मी म्हणते, "बरोबर."

तुम्ही त्याच पावली आत जाऊन डॉक्टरांना फोन लावलात, आता पुढच्या थंडीत बघू म्हणून. चैत्रात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. मधले चार महिने तुम्ही नातीला खिडकीशी उजेडात धरून, अगदी नाकाला नाक लावून न्याहाळायचात आणि मला विचारायचात, "कुणावर गेलीय गं ही?" मी सांगायचे, तुमच्यावर. तुम्ही इतके खूश व्हायचात की मला तिथून उठून जावं लागायचं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुमचं मन मोडवेना म्हणून मी गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. तसं नव्हतं, नाना. गल्लीत माझं औषध खोटं ठरेल, मी खोटी ठरेन, याची मला लाज वाटली. तेवढ्यासाठी मी "बरोबर" म्हणाले.