फोसुआचं पान आणि माझा कोर्स

सोमवार, ३ जून
सगळ्यांत आधी टपकली ती कम्फर्टबाई. रिटायर मास्तरीण, पण बोटं अजून खडू धरल्यासारखीच. तिच्यामागून फोसुआच्या घराण्यातले वडीलधारे त्वुमासी आणि फोसुआची लेक डुफी. पाणी प्यायले आणि कामाचं बोलले. फोसुआची मूठमाती २९ तारखेला, शनिवारी. त्या दिवशी वाटायच्या आठवणींच्या पुस्तिकेत बाजारातल्या मैत्रिणींतर्फे एक पान हवं, छापखान्याला २० तारखेपर्यंत. कम्फर्टबाई लगेच म्हणाली, त्यात काय, माझ्याकडे तयारच असतं.
तेच तर! गावात कुणीही जावो, हिचं पान तेच, वर नाव तेवढं नवं. फोसुआने दवाखान्यात माझं मनगट धरून सांगितलं होतं, बिरागो, काही कर पण मला कम्फर्टच्या हाती देऊ नकोस.
मी म्हटलं, पान मी लिहिणार. त्वुमासी म्हणाले, अगं तू चौथी शिकलेली! म्हटलं, सतरा दिवस आहेत. रीतसर शिकून लिहिते. चाट पडले सगळे. मजा आली.

मंगळवार, ४ जून, सकाळी
नात अडोमाने फोनवर दाखवलं, घरबसल्या लिहायला शिकवणारे कोर्स ढीगभर आहेत. कोर्स कसा निवडायचा ते मला कुणी शिकवायला नको. बेचाळीस वर्षं खारवलेले मासे विकले. कल्ला उचलल्याशिवाय मासा घेत नाही. पहिले काही दिवस फुकट असतात म्हणे. झालं तर! सगळ्यांचे कल्ले उचलून बघणार. आठ तारखेपर्यंत निवड, मग शिक्षण, मग पान. आखणी अगदी पक्की.

शनिवार, ८ जून
निवड अजून नाही. घाई कशाला?
पहिला कोर्स आक्रातल्या एका टायवाल्या पोराचा. उधारीच्या गाडीला टेकून शिकवतो. (गाडी उधारीची आहे हे मला दिसतंच. फार जपून टेकतो.) पहिला प्रश्न विचारला, तुमचं लिखाण वाचणार कोण? मी लिहिलं, फोसुआ. मग आठवलं की ती तर शवागारात, बर्फात. थंडी तिला कधी सोसली नाही. पहाटे बाजारात दोन लुगडी गुंडाळून बसायची, आणि त्यातलं एक माझं असायचं.
तो कोर्स रद्द.

मंगळवार, ११ जून
दुसरा कोर्स गोऱ्या बाईचा. आधी वीस प्रश्नांची परीक्षा, म्हणजे तुमचा पिंड कळतो. तुम्हाला जंगल आवडतं की समुद्र, असलं काहीबाही. निकाल लागला: तुम्ही लहान मुलांसाठी सशाच्या गोष्टी लिहाव्यात. ससा! फोसुआला सांगितलं असतं तर टोमॅटोच्या टोपलीत पडून हसली असती.
परीक्षाच चुकीची होती. उद्या पुन्हा देते.

शनिवार, १५ जून
पुन्हा दिली. पुन्हा ससा.
पण तिसरा कोर्स झकास! आजचा धडा असा की, जो माणूस तुम्हाला आवडत नाही त्याच्याबद्दल एक पान लिहा. कम्फर्टबाईवर बसल्याबैठकी चार पानं लिहून झाली! हात थांबेना. फुफूचं सूप करपलं. अडोमा म्हणाली, आजी, अशीच फोसुआआजीवर लिही की. म्हटलं, तो धडा अजून आलेला नाही.

बुधवार, १९ जून
तिसऱ्याचे फुकट दिवस संपले. मोठा प्रश्न आहे: तिसराच विकत घ्यावा की चौथा बघावा? बाजारातल्या बायकांना विचारलं. सहा जणी म्हणाल्या तिसरा, पाच चौथा, आणि वाटाणेवाली म्हणाली, तू बोल, मी माझ्या पोराकडून लिहून घेते. अडाणी आहे बिचारी.
अडोमाने ही वही मागितली. म्हणाली, यात फोसुआआजी आहे, यातलंच दे. मी हिसकावून घेतली. ही का लिहिणं आहे? ही नुसती बडबड.
उद्या शेवटचा दिवस. सकाळी निवड, दुपारी शिक्षण, संध्याकाळी पान.

गुरुवार, २० जून
सकाळपासून लाइट नाही. फोन मेलेला. नियतीच आडवी आली, माझा काय दोष?
पेन्सिल होती. पण पेन्सिलीने काय, शिकल्याशिवाय?
संध्याकाळी डुफी आली, दारात उभी राहिली. मी मान हलवली. ती कम्फर्टबाईच्या घराकडे वळली.

शनिवार, २९ जून
काळी-लाल लुगडी, चार तंबू, कर्णे. जिवलग मैत्रीण म्हणून पान वाचायला माईक माझ्याच हाती दिला. मी कम्फर्टबाईचं पान वाचलं. फोसुआ मृदुभाषी होती. चर्चच्या गायकमंडळाचा आधार होती. आयुष्यात कुणाशी भांडली नाही.
फोसुआला गायकमंडळातून हाकललं होतं. मग ती खिडकीबाहेर उभी राहून त्यांच्यापेक्षा मोठ्याने गायची.
शब्द न् शब्द वाचला मी. शवपेटीकडे बघितलं नाही.
खाली उतरले तर कम्फर्टबाईने पाठ थोपटली. म्हणाली, छान वाचलंस, तुझंही तयार आहे हो.

सोमवार, १ जुलै
त्वुमासी आणि डुफी आभार मानायला आले. पान छान झालं, लोक रडले, म्हणाले. डुफीने हळूच विचारलं, मावशी, आई भांडायची ना गं? भांडायची? अगं, माझा थोरला तापाने फणफणला तेव्हा नऊ दिवस हिने दोन्ही दुकानं सांभाळली. माझ्या गिऱ्हाइकांशी अशी भांडली, असं फसवलं त्यांना, की मी परतले तर लोक विचारायला लागले, ती दुसरी कुठे गेली? आणि नवव्या दिवशी माझ्या पोराच्या उशाशी बसून, त्या फाटक्या गळ्याने, सगळी रात्र गायली. पोरगं बहुतेक तिला गप्प करायलाच उठून बसलं.
डुफी हसता हसता रडायला लागली. त्वुमासींनी डोळे पुसले. म्हणाले, हे पानात का नाही आलं?
म्हटलं, हे नुसतं बोलणं झालं. लिहायला कोर्स लागतो.
वर्षश्राद्धाला पुन्हा पुस्तिका निघणार आहे. मी छाती ठोकून सांगितलं, पान माझं. अख्खं वर्ष आहे. चौथा कोर्स तर मी अजून उघडलेलाही नाही.
दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग म्हणाले, बसून ठरवू, गुरुवारी चार तारखेला येतो. कम्फर्टबाईंनाही घेऊन येतो.