कॉम्प्युटरले लॅन दिसत नाई

सोमवार, ८ सप्टेंबर
नेट गेलं! केबल लावलेली, राऊटरचे दिवे चालू — पन कॉम्प्युटरच्या मागचा लाइट बंद. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तं लॅनचं, म्हनजे वायरच्या नेटच्या कार्डाचं, नावच नाई. जसं कधी बसवलंच नव्हतं.
शुक्रवारी अकरा वाजता पुन्याच्या कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. रजिस्टर केलेल्या याच कॉम्प्युटरवरून, वायरच्याच नेटवर द्यायचा — पत्रात साफ लिवलं हाय. छत्तीसची झाली मी. असा चान्स परत येनार हाय का?

मंगळवार, ९
ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आनून टाकला. चालला नाई, म्हनते हार्डवेअरच सापडत नाई. केबल बदलली. पुन्हा तेच.
बाबा मागं खुर्ची टाकून बसलेले. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागात जिंदगी गेली त्यायची. म्हनले, "बोर्ड गेला असन, रीना. जुना झाला." एवढंच.

बुधवार, १०
बाहेरून यूएसबीले लावायचं लॅन घेऊ म्हटलं. माझी ट्यूशन सुरू होती, बाबा म्हनले, "मी आनतो." कॅम्प-१ च्या बाजारात गेले, रिकाम्या हातानं आले. "नाई भेटलं."
दोनच दिवस! 

गुरुवार, ११
प्रफुलले बोलावलं — कॉलेजात संगं होता, आता कुरुदले कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. त्यानं विंडोज पाह्यलंच नाई. मशीन चालू होता होताच डिलीट दाबत राह्यला, बायोसचा, मशीनच्या आतल्या सेटिंगचा, निळा पडदा आला. एका ओळीवर बोट ठेवलं. ऑनबोर्ड लॅन — डिसेबल्ड.
"खराब नहीं है रीना. किसी ने बंद किया है."
त्यानं एनेबल केलं. मागचा लाइट हिरवा! मी टाळ्या वाजवल्या. मंग हात तसेच राह्यले.
घरात आमी दोघंच. आई गेल्यापासून दोघंच.
प्रफुल गेल्यावर इचारलं, "कावून, बाबा?"
म्हनले, "तू गेली तं मी कोनाशी बोलू?"
राग एवढा का जेवन गेलं नाई. कॉम्प्युटरच्या खोलीले कुलूप लावलं — आपल्याच बापापासून!

शुक्रवार, १२
झाला. पाऊन तास. नेट एकदाही अटकलं नाई. दार उघडलं तं बाबा बाहेरच उभे. कोनाले बेल वाजवू दिली नाई म्हने. मी बाजूनं निघून गेली.

सोमवार, २२
मेल आली. निवड झाली! बाबाले वाचून दाखवली. ते उठले, सैपाकघरात गेले. तिकडूनच आवाज — "भाताले शिट्ट्या किती लागतात, शिकवून ठेव."