आवाजाची पट्टी

प्रिय धाकट्या,

तुझे फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही, आणि ‘बरी आहे, कामात आहे’ एवढं लिहून तुझी बोळवण केली. तू चिडला असशील. तुझा राग मला इथे बसून दिसतो. नाक लाल होतं आणि तू उगाच चष्मा पुसत बसतोस. तर आधी घरची खुशाली. आईला आता उजेड-अंधाराखेरीज काही दिसत नाही, पण जिभेची धार शाबूत आहे. काल शेजारच्या काकूंनी भाजी आणून दिली, तर त्यांच्या तोंडावर म्हणाली, “मीठ फुकट मिळतं वाटतं तुमच्याकडे!” काकूही आता सरावल्यात. हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन येतात.

परवा कोठीची खोली आवरली. आवाज घुमू नये म्हणून दाराला आणि भिंतींना मारलेली पांघरुणं काढून धुतली. खोली एकदम मोठी आणि परकी वाटायला लागली. शाळेच्या कार्यालयात गुणपत्रिका संगणकावर करायचं फर्मान निघालं आणि सगळे शिक्षक माझ्याच टेबलाभोवती जमायला लागले, ते दिवस आठवतात ना? एकच गोष्ट दहा जणांना सांगून मी मेटाकुटीला आले होते. तू म्हणालास, “ताई, एकदाच सांग. तू पडद्यावर जे जे करशील ते आवाजासकट रेकॉर्ड होईल असं सॉफ्टवेअर आहे. मग ज्याला हवं त्यानं हवं तितक्यांदा बघावं.” पहिला धडा मी घसा फोडून केला आणि माईक बंद होता. हसावं की रडावं तेच कळेना. आपण दोन्ही केलं. मग जमत गेलं. मी बोलायची, तू कापायचास. माऊसचा बाण थांबेल तिथे पिवळं वर्तुळ, बटण बारीक असेल तर तेवढाच भाग मोठा. मधेच आई बाहेरून हाक मारायची, “अगं, एकटीच कुणाशी बोलतेस?” तेही कापायचास. माझ्या आवाजाची निळी पट्टी पडद्यावर खाली डोंगररांगेसारखी पसरलेली असायची आणि तू न ऐकताच बोट ठेवायचास, हा तुझा ‘अं’, हा खोकला. धडे इंटरनेटवर टाकले आणि शिक्षकांमागून दुकानदार आले, निवृत्त माणसं आली. एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘ताई, तुमच्यामुळे नातवाचे पाय धरावे लागत नाहीत.’

तू नोकरीला गेलास ते योग्यच झालं. बहिणीचे खोकले कापत बसायला काही तू जन्माला आला नव्हतास. कापाकापी मी शिकले. पण गेल्या वर्षी आवाज बसायला लागला. मला वाटलं, माईक जुना झाला, नवा आणला. मग वायर बदलली. मग सॉफ्टवेअरमधली खरखर घालवायची सोय वापरून पाहिली. खरखर गेली, पण तिच्याबरोबर मीही जायला लागले, पाण्याखालून बोलल्यासारखी. घरात कुणाला शंका आली नाही. रोज ऐकणाऱ्याला थोडंथोडं बदललेलं कळत नाही. आईसुद्धा “पाणी पीत जा गं” एवढंच म्हणायची. एका धड्यात चूक निघाली म्हणून मी जुन्या धड्याला नवा तुकडा जोडायला घेतला, आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी आल्या. जुनी भरदार. नवी बसकी, कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखी. तुकडा जोडलाच जाईना. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, मधेच कुणी दुसरी बाई बोलायला लागली. मी तुकडा तसाच सोडून संगणक बंद केला. मग डॉक्टरांची वेळ घेतली.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि आतलं सगळं पडद्यावर दिसायला लागलं. तेही रेकॉर्ड करत होते. कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता. नंतर तेच मला दाखवताना बाण इतका भराभर फिरवत होते की मला सांगावंसं वाटलं, अहो, हळू, शिकणाऱ्याला कळलं पाहिजे. मग बाण एका जागी थांबला आणि तिथून हललाच नाही.

तुला मी कळवलं होतं, घशात गाठ आहे, काढतील, मग थोडे दिवस बोलायचं नाही. ते दिवस सरले तसे तुझे फोन सुरू झाले. आईलाही तेच सांगितलं. गाठ साधी नव्हती रे. स्वरयंत्रच काढावं लागलं, सगळं. आता मी गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते. किरणोपचार संपले की गळ्याला टेकवायचं एक यंत्र देऊ म्हणतात. त्यातून डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखं काहीतरी येतं. माझा आवाज म्हणशील, तर तो गेला. एवढ्यासाठी फोन उचलत नव्हते.

दवाखान्यात जायच्या आधी मी कोठीच्या खोलीत बसून होता तेवढा आवाज आईसाठी साठवला. ‘आई, मी आले.’ ‘आई, गोळी घे.’ ‘आई, समोर पायरी आहे.’ असले छोटे तुकडे, मोबाइलवर बोट ठेवलं की वाजणारे. खरं काय ते सांगणारा तुकडाही करायला बसले होते. ‘आई, ऐक,’ म्हटलं आणि पुढे नुसती सरळ रेघ सरकत राहिली. तो पुसून टाकला.

घरी आले त्या दिवशी ‘आई, मी आले’ वाजवलं. तिचा चेहरा उजळला. “बोलायला लागलीस की! दुखतं का गं फार?” त्याचं उत्तर मी साठवलेलंच नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं. मी गडबडले आणि भलतीकडेच बोट पडलं, ‘आई, समोर पायरी आहे.’ ती पलंगावर बसली होती, धाकट्या. बसल्या बसल्या पायानं पायरी चाचपायला लागली. मी तिचे पाय धरले तेव्हा थांबली. मग लिहिलेलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणून पाहिलं. त्यात बाईचा आवाज आहे, गुळगुळीत, कुठेही न अडखळणारा. आई दचकलीच. “कोण आलंय? आणि माझी पोर का बोलत नाही?” त्या बाईनं माझं नाव सांगितलं, तर आई म्हणाली, “बाई, थट्टा पुरे झाली, निघा आता.” तेही बंद केलं. आता ती मला गळ्यातल्या श्वासाच्या आवाजावरून ओळखते. मी खोलीत आले की मान वळवते. रोज सकाळी माझा हात हातात घेऊन विचारते, “आज सुटणार का गं मौन? डॉक्टरांनी काही दिवस सांगितले असतील की!” मी तिचा हात दाबते. त्याचा अर्थ ती ‘हो, लवकरच’ असा घेते आणि समाधानानं चहा पिते.

काकू म्हणाल्या, मी सांगू का? मी हात जोडून नको म्हटलं. लेकीचं हे शेजारणीच्या तोंडून कळावं, असं मला वाटत नाही. फोनवर तू सांगितलंस तरी ती मलाच विचारेल, “हा काय बोलतोय गं?” आणि मी काय करू? म्हणून हे पत्र. दोन दिवसांची रजा काढून ये. तिला उजव्या कानानं नीट ऐकू येतं, तू त्या बाजूला बस. मी दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून बसेन. काही लपवू नकोस, गोड करून सांगू नकोस, सावकाश सांग. आधी ती तुलाच शिव्या घालेल, त्या खा. मग ती काय करेल ते मला माहीत नाही, आणि त्या वेळी मला तिथे एकटं राहायचं नाही. तिला हे सांगायला या घरात आवाज असलेलं आपलं माणूस उरलेलं नाही, धाकट्या. तू ये.

तुझीच,
ताई