घाटाखाली आपलं कुणी नव्हतं

आव्वा, तुला फक्त कानडी वाचता यायचं आणि मला फक्त मराठी लिहिता येतं. म्हणजे तू असतीस तरी हे तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि वाचणाऱ्याला दर दोन ओळींनी अडवून "असं न्हवतं त्ये" म्हणत तू दुरुस्त्या केल्या असत्यास. आता अडवायला तू नाहीस. तुला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. माझी मुलगी तुझा उल्लेख पणजी म्हणून करते, तेव्हा कळतं की बरीच झाली.

आपल्या घरातून बाईला बाहेर पडायचं तर आज्जाचा एक प्रश्न पार करावा लागायचा. "कशाला?" आज्जा वाईट नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. जयसिंगपुरात भुसार मालाचं दुकान, दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा माणूस. पण दुपारी जेवायला आल्यावर तू अमक्या गावाला जाऊन येते म्हणालीस, की ताटातून मान वर न करता तो विचारायचा, "कशाला?" नुसतं बघायला, हे त्या प्रश्नाचं उत्तर होऊच शकत नव्हतं. निदान तुला तसं वाटायचं. लग्नाकार्याला पुरुष जात, बारशाला सुनांना धाडत. एकाच कामाला आज्जा 'कशाला' म्हणत नसे. पाहुण्यांत कुणी वारलं की तोच म्हणायचा, "दुःखाच्या घरी भेटायला गेलंच पायजे." त्याला दुकान सोडून जाता यायचं नाही, मग तू जायचीस. आणि बाईमाणूस एकटं कसं जाणार, म्हणून सोबतीला मी. वर्गातल्या मुली सुट्टीत मामाच्या गावाला जायच्या. मी कुणीतरी गेलं की जायचे.

तुझं माहेर सीमेपलीकडचं, आपली सगळी सोयरीक तिकडचीच. त्यामुळे अथणी, गोकाक, बेळगाव, धारवाड, विजापूर ही सगळी गावं मी कुणा ना कुणाच्या मरणामुळे पाहिली. मिरजेच्या स्टँडवर कर्नाटकाची गाडी लागली की तू पदर खोचून अशी घुसायचीस की कंडक्टरसुद्धा बाजूला व्हायचा. खिडकी तू घ्यायचीस. मी कितीही भोकाड पसरलं तरी दिली नाहीस. "तुला लई आयुष्य पडलंय खिडक्या बघायला," म्हणायचीस, आणि मग गाव येईपर्यंत तुझं तोंड मला दिसायचं नाही, फक्त अंबाडा दिसायचा. मुक्कामाच्या गावी सकाळी जिथं पाणी मिळेल तिथं आंघोळ करून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून तळहातावर घ्यायचीस आणि दुसऱ्याच्या ओसरीवर आपल्याच घरात बसल्यासारखी पूजा करायचीस. देव गळ्यात असल्यावर माणसाला घर लागतंच कशाला, असं तुझं म्हणणं होतं.

त्या घराची गल्ली आली की कोपऱ्यावरच तू पदर डोक्यावरून पुढं ओढायचीस आणि आवाज लावायचीस. पहिल्यांदा मी इतकी घाबरले की मीही रडायला लागले. आतल्या बायका धावत यायच्या, एकमेकींच्या गळ्यात पडून कानडीत, मराठीत, सगळ्या मिळून रडायच्या. गेलेल्या माणसाला तू जन्मात एकदा बघितलेलं असायचं, कधी तेही नाही. परतीच्या गाडीत मी एकदा विचारलं होतं, "आव्वा, तू खरंच रडतीस व्हय गं?" तुला राग आला. "खरंच की! रडू काय कमी हाय आपल्याकडं? एकाच्या नावावर दुसऱ्याचं निघतंय." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

रडणं झालं, तोंडं धुऊन झाली, चहा आला, सगळे गप्प बसले, की तू बशी खाली ठेवून विचारायचीस, "आन् तुमच्या गावात बघण्यासारखं काय हाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आव्वा, त्या घरातल्या माणसांचे चेहरे मी बघितलेत. दिवसरात्र एकच गोष्ट सांगून दमलेल्या त्या माणसांना कुणीतरी दुसरं काहीतरी विचारायचं. गोकाकला तुझ्या चुलतभावाच्या घरी त्याचा थोरला मुलगा बाप गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हता. तू विचारल्यावर तो उठला, चपला घातल्या आणि आपल्याला धबधबा दाखवायला घेऊन गेला. तिथल्या झुलत्या पुलावर मी दोराला घट्ट धरून उभी आहे, खाली गढूळ पाणी कोसळतंय आणि तो मिशीवाला, दांडगा माणूस ओरडून सांगतोय की बाप त्याला खांद्यावर बसवून इथं आणायचा. सांगता सांगता तो मोठ्यानं रडायला लागला. त्या आवाजात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं. तू त्याचा दंड धरून ठेवलास आणि पाण्याकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "ह्येचं घरात कुणी ऐकून घेत न्हाय वाटतं, म्हणून वरडतंय." धबधब्याबद्दल बोललीस की त्याच्याबद्दल, ठाऊक नाही, पण तो हसला.

विजापूरला तर तू कमालच केलीस. गोलघुमटाच्या सज्ज्यात पोरं टाळ्या वाजवत होती, हाका मारत होती. तू भिंतीला तोंड लावून हळूच काहीतरी पुटपुटलीस आणि लाजून लाल झालीस. मी किती विचारलं तरी सांगेनास. शेवटी जिना उतरताना म्हणालीस, "तुझ्या आज्जाचं नाव घेतलं. घरात कुठं घ्यायला मिळतंय? आन् बघ की, सगळ्या भिंतींनी घेतलं."

एवढं हिंडलीस, पण समुद्र बघितला नव्हतास. आपल्यापासून तो विजापुरापेक्षा काही लांब नाही. आंबा घाट उतरला की झालं. पण आपली सगळी माणसं उगवतीला, घाटाखाली एक घर नाही. उन्हाळ्यात कोकणातून आंब्याच्या पेट्या घेऊन येणारी एक बाई बाजारात तुझ्याशी बोलत बसायची. तिनं सांगितलं की समुद्राला पलीकडचा काठच दिसत नाही. ते तू कितीतरी दिवस मनात घोळवत होतीस. "पलीकडं काय दिसतच न्हाय, तर माणसं बघत्यात तरी कशाकडं?" मी म्हणायचे, जाऊन बघ की. तर तू उसासा टाकून म्हणायचीस, "घाटाखाली आपलं कोण हाय? कोण मरतंय तिथं आपलं?" तुझी दुसरी कुठलीच इच्छा मला माहीत नाही. दागिना मागितला नाहीस, लुगडं मागितलं नाहीस. हे एकच होतं.

मी कोल्हापुरात कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी घरी आले तर तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. आई मागच्या परड्यात होती. तू मला जवळ बोलावलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, "रत्नागिरीत एक म्हातारी मेली."

"कोण गं?"

"त्येच अजून ठरायचं हाय."

आव्वा, मी एवढी हसले की पिठात हात पडला. मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीची आजी रत्नागिरीला असते, तीच मेली म्हणून सांगू. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. जित्या माणसाला मारायचं नाही. मग तू शून्यातून एक बाई उभी केलीस. माहेरकडून लांबची, सोलापूरला दिलेली, नवऱ्याचा चादरीचा धंदा, त्यापायी कोकणात जाऊन राहिलेली, मुलगा नसलेली. मी म्हटलं, दम्यानं गेली म्हण. तर तुझा जीव कळवळला. "नगं, दम्यात लई हाल होत्यात. झोपंतच गेली म्हणू." पुढच्या शनिवारी आले तोवर तू त्या बाईत इतकी गुंतली होतीस की तिचं नाव काढलं की तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. "बिचारीनं लई सोसलं," म्हणायचीस.

त्या दुपारी तू आज्जाला वाढता वाढता सांगितलंस. मी दाराआड उभी होते. आज्जा जेवायचा थांबला. "कवा?" म्हणाला. तू सांगितलंस. "एकटीच ऱ्हात हुती व्हय?" तू मान हलवलीस. "जाऊन ये. पोरीला घिऊन जा." मग पुन्हा घास घेतला आणि मान वर न करता म्हणाला, "त्येंच्या घरापासनं समुद्र लांब हाय का?" तुझ्या हातातली पळी तशीच राहिली. "ठावं न्हाय," म्हणालीस. "जवळ असंल तर बघून या मग." एवढं बोलून त्यानं ताक मागितलं.

आपण गुरुवारी निघणार होतो. मंगळवारी सकाळी दुकानात गिऱ्हाइकाला ज्वारी दाखवता दाखवता आज्जा मागं कलंडला तो उठला नाही. तुझी पिशवी भरलेली होती. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं त्याला सजवून बसवलं, तेव्हा तो गादीवर बसल्यासारखाच दिसत होता, फक्त कुणाशी गोड बोलत नव्हता. मग सगळ्या गावांहून बायका आल्या. अथणीच्या, धारवाडच्या, विजापूरच्या. गोकाकचा तो मुलगाही आला. गल्लीच्या कोपऱ्यापासून त्यांचा आवाज ऐकू यायचा, त्या तुझ्या गळ्यात पडायच्या आणि तू नुसती बसून असायचीस. इतक्या घरांत रडलीस, आणि स्वतःच्या घरात तुला रडू आलं नाही. चहा झाल्यावर कुणीतरी विचारील, तुमच्या जयसिंगपुरात बघण्यासारखं काय हाय, म्हणून मी वाट बघत होते. कुणी विचारलं नाही.

वर्ष सरल्यावर मी तुला म्हटलं, चल, आता जाऊ. आता सांगायलाही कुणाला नको. माळ्यावर चटईवर बसून तू मिरच्यांचे देठ काढत होतीस. तू म्हणालीस, "कशाला?" त्याचा शब्द, त्याच्याच आवाजात, मान वर न करता. मी हट्टच धरला तेव्हा बोललीस. "खोटं मरण सांगितलं, त्ये खरं झालं. आता आनिक नगं." मी म्हटलं, अगं, त्याला माहीत होतं. त्यानं समुद्राचं विचारलं नव्हतं का? खोटं कुठं राहिलं त्यात? तू आणखी दोन मिरच्यांचे देठ काढलेस. मग म्हणालीस, "त्येच डोस्क्यात फिरतंय. ठावं असून जा म्हणालं. म्हंजी नुसतं इचारलं असतं, तर जल्मभर जा म्हणालं असतं की काय?" आणि तिथं, मिरच्यांच्या ढिगापुढं, तू रडलीस. गल्लीच्या कोपऱ्यावरचं रडणं नव्हतं ते. आवाजच नव्हता त्याला. मी तुझे हात धरले तर तू म्हणालीस, मिरचीचे हात हायत, डोळ्याला लावशील.

त्यानंतर तू कुठंच गेली नाहीस. भेटायला जायचं असलं तर आईला पाठवायचीस. मला बँकेत नोकरी लागली, लांबची बदली आली, घरात सगळ्यांना वाईट वाटलं आणि तू एकटीच म्हणालीस, "जा की, बघून ये." ते गाव कसं आहे ते मी फोनवर सांगायचे आणि तू ऐकायचीस, पण प्रश्न विचारत नव्हतीस. तू गेलीस तेव्हा मी दीड दिवस प्रवास करून पोचले. गल्लीच्या कोपऱ्यावर आले आणि माझा आवाज आपोआप लागला. शिकलीसवरलेली, पंजाबी ड्रेसमधली मुलगी ओढणी डोक्यावर घेऊन रस्त्यात हंबरडा फोडते, लोक बघत राहिले. फार कमी बायका आल्या होत्या. तुझ्या बरोबरीच्या बहुतेक तुझ्याआधीच गेल्या होत्या, आणि त्यांच्या घरी तू गेली नव्हतीस.

लोक बदली टाळायला धडपडतात, मी मागून घेते. सुट्टी मिळाली की गाडीत बसते. नवऱ्यानं सुरुवातीला विचारलं, एवढं काय ठेवलंय तिथं, पण आता विचारत नाही, तोही येतो. कुठंही गेले तरी चहाच्या टपरीवर मी तुझा प्रश्न विचारते, आणि माणसं अजूनही तशीच उजळतात. आणि कुठंही उभी राहिले की तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतं. राजस्थानात वाळूत उभी होते तर तू म्हणालीस, हितं धुणं लौकर वाळंल. हिमाचलात म्हणालीस, ह्या लोकांच्या गुडघ्यांचं काय होत असंल. ठरवून नाही सुचत मला, तूच बोलतेस.

तू गेल्यावर पुढच्या वर्षी मी एकटी रत्नागिरीला गेले. सकाळची वेळ होती, किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. मी पाण्यापाशी उभी राहिले आणि तू काय म्हणतेस त्याची वाट बघितली. पायाखालची वाळू सरकत होती. ऊन चढलं, मी स्टँडवर आले आणि परतीची गाडी पकडली. त्यानंतर किती वेळा, किती किनाऱ्यांवर गेले. तू बोलत नाहीस. तुला तो आवडला असता का, तू घाबरली असतीस का, का नाक मुरडून चल म्हणाली असतीस, मला काहीच माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही. हे मला सहन होत नाही, आव्वा. इतकी वर्षं झाली तरी होत नाही.

हा कागद मी कुठल्या टपालपेटीत टाकणार नाही. टाकून तरी काय, वाचून कोण दाखवणार तुला? पण एक सांगायचं राहिलंय, त्यासाठीच लिहायला बसले होते. माझ्या मुलीला तुझ्या सगळ्या गोष्टी पाठ आहेत, गोकाकची, विजापूरची. परवा तिनं विचारलं, पणजीनं समुद्र पाहिला होता का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो, मीच नेलं होतं तिला. ती खूश झाली, जवळ सरकून बसली. म्हणाली, मग पणजी काय म्हणाली?

मी म्हटलं, आठवत नाही गं.