तीन कोटेशने

मी, हौशीराम रखमाजी भोर, वय ७६ वर्षे, निवृत्त गणित शिक्षक, राहणार वारूळवाडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेचे काय व्हावे ते आज ठरवून लिहून ठेवीत आहे. मला स्वादुपिंडाचा कर्करोग असून डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत सांगितली आहे. बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. तो ज्यांना अपुरा वाटेल त्यांनी येऊन मला सतराचा पाढा उलटा विचारावा. हा मजकूर मला कोणी सांगितलेला नाही. बदलण्याचा प्रयत्न झाला, त्याची नोंद योग्य जागी येईल. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. वारूळवाडी येथील माझे स्वकष्टार्जित राहते घर माझा एकुलता एक मुलगा भरत यास द्यावे. माझी पत्नी ठकूबाई सहा वर्षांपूर्वी वारली, त्यामुळे अन्य हक्कदार नाही. दक्षिणेकडच्या खोलीचा स्लॅब गळतो हे त्याला मी सात पावसाळे सांगत आलो आहे. आता घर त्याचे आणि गळतीही त्याची.

कलम २. खोडद येथील मी खरेदी केलेली एक एकर दहा गुंठे जमीन नात संस्कृती भरत भोर हिच्या नावे व्हावी. बांधावर उभे राहिले की रेडिओ-दुर्बिणीच्या मोठ्या थाळ्या दिसतात. त्या आकाशातून नेमके काय गोळा करतात हे तिने मला दोन वेळा समजावून सांगितले, आणि दुसऱ्या वेळी मला समजले. ही जमीन तिच्या लग्नासाठी विकण्याचा अधिकार कोणासही नाही.

कलम ३. फळ्यावरचा लाकडी कंपास, कोनमापक व मोठा त्रिकोण ज्या शिक्षकास वापरायचे असतील त्याने न्यावेत. शोभेसाठी नेऊ नयेत. पोलादी कपाटातील फायली ग्रामसाहाय्य मंडळाच्या आहेत. हे मंडळ आम्ही काही शिक्षकांनी व बागायतदारांनी काढले होते आणि बारा वर्षे मी त्याचा चिटणीस होतो. मंडळ बंद पडले तरी फायली जाळू नयेत. पुढील कलमातील चूक त्यांत माझ्याच अक्षरात आहे.

कलम ४. ओसरीवरचे शिलाई मशीन भंगारात घालावे. ते कोणाही गरजूस देऊ नये. याचे कारण सविस्तर सांगणे भाग आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये घाटघरच्या सखूबाई रावते मंडळाकडे आल्या. त्यांना चौदा हजार रुपये रोख हवे होते. त्यांच्याकडे बाळहिरडा होतो. हिरड्याचे कोवळे फळ झाडाखालून वेचून वाळवतात, ते औषधांसाठी जाते, आणि होळीपासून पुढे दीड-दोन महिनेच मिळते. व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर येई, स्वतःच्या काट्यावर तोले आणि सांगेल तो भाव देई. घरात मीठ-तेल संपलेले असल्याने बाया त्याच दिवशी देऊन टाकत. सखूबाईंचा विचार असा की आपण स्वतःचा काटा घ्यावा, वाडीतल्या बायांना जागेवर पैसे द्यावेत आणि माल भाव येईपर्यंत माळ्यावर ठेवून स्वतः जुन्नरला न्यावा. मी चौतीस वर्षे नफा-तोटा शिकवला, पण इतके नेटके उदाहरण मला कधी रचता आले नाही.

मी त्यांना म्हणालो, "मंडळ रोख देत नाही, वस्तू देते. काट्याची तीन दुकानांतली कोटेशने आणा."

त्या म्हणाल्या, "गुरुजी, काटा मी जुना घेनार हाये. जुन्या काट्याला कोन लिहून देतंय?"

"नियम आहे, बाई."

एस.टी.ने त्या तीनदा खाली उतरल्या. जुन्नरला दोन कोटेशने मिळाली. तिसरे घोडेगावहून आणले तेव्हा एप्रिल सरत आला होता, आणि मोटारसायकलवाला माल घेऊन गेला होता. पुढे एका देणगीदाराने शिलाई मशिने दिली. पंधरा ऑगस्टला त्यातले एक आम्ही सखूबाईंना दिले व छायाचित्र काढले. त्यांना शिवण येत नव्हते. मी ते विचारले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे पती सावळेराम आंबेगाव तालुक्यात विहिरीच्या कामावर गेले. विहिरीची कड ढासळली. ते वर आले नाहीत, त्यांना वर काढावे लागले. हिरड्याचा व्यापार उभा राहिला असता तर ते त्या महिन्यात घाटघरला पोती उचलत असते, असे मला वाटते. हे मी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही. मी पुष्कळदा उलट बाजूने मांडून पाहिले, उत्तर बदलले नाही.

जूनमध्ये सखूबाई मशीन एस.टी.च्या टपावर घालून परत घेऊन आल्या. खोकेही उघडलेले नव्हते. म्हणाल्या, "ही तुमची वस्तू. आमच्या घरात ठिवायला जागा न्हाई." चहा घेतला नाही. गेल्या दिवाळीआधी त्या वारल्या.

कलम ५. (हे कलम रद्द केले आहे. तरीही ते का होते, हे कळावे म्हणून मजकूर ठेवला आहे.) बँकेतील माझी तीन लाखांची मुदतठेव माझ्या मृत्यूनंतर सखूबाईंची मुलगी रत्ना सावळेराम रावते हिला रोख व विनाअट द्यावी.

या कलमास भरतने हरकत घेतली. त्याचे म्हणणे जसेच्या तसे देतो. "आण्णा, द्यायचं तर वस्तू द्या, बिलं घ्या. एखादी समिती नेमा. फुकटचा पैसा हातात आला की माणूस काम सोडतो."

मी म्हणालो, "तुझं मोबाइलचं दुकान बुडालं तेव्हा मी बॅटरीच्या दुकानाला रोख दिले. तू काम सोडलंस का?"

"मी घरचा आहे."

"म्हणजे फरक माणसात नाही, नात्यात आहे."

यावर तो जेवणाचे ताट तसेच ठेवून उठला. त्याला आणि वाचणाऱ्या प्रत्येकास मला एक गोष्ट समजावून सांगायची आहे, आणि मरणाच्या दारातही ती सांगताना मला आनंद होतो. २०१८ साली डिंभे धरणाच्या काठच्या गोजरबाई या मासे विकणाऱ्या बाईंना मी निवृत्तिवेतनातून प्रथमच विनाअट रोख दिली. त्यांनी आधी दोन महिन्यांचा तांदूळ भरला. मी मनातून खट्टू झालो. मग लक्षात आले की घरात तांदूळ असल्यामुळेच त्यांचे पती त्या हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायला गेले नाहीत. ते घरी राहिले, दोघांनी जाळी दुरुस्त केली, उरलेल्या पैशांत बर्फाची पेटी घेतली आणि रस्त्यावरच्या खाणावळींना रोज मासे पोचवू लागले. तांदूळ हीच त्या धंद्यातली पहिली गुंतवणूक होती. कोणत्याही कोटेशनात ती बसली नसती. कोणत्या क्रमाने काय लागेल हे घर चालवणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. वस्तू देणारा तो क्रम स्वतः ठरवतो आणि बहुधा चुकतो. काही घरांत पैसा आजारपणात जातो, धंदा उभा राहत नाही. तसेही माझ्यासमोर एकदा झाले, आणि तिथे निदान आजारी माणूस जगला.

कलम ६. कलम ५ रद्द करण्याचे कारण. काल रत्नाला पूर्ण नाव व खाते क्रमांक लिहून घेण्यासाठी मी बोलावले. वय बत्तीस, आईसारखी ताठ बसते. मी तिला कलम वाचून दाखवले.

तिने विचारले, "मंजी तुमी गेल्यावर?"

"हो."

"गेल्यावर किती दिसांनी?"

मी पद्धतशीर सांगितले. मृत्यूचा दाखला, बँकेचा अर्ज, वारसाची संमती, दोन ते सहा महिने.

"होळी तीन आठवड्यांवर आली. मंजी औंदाचा हिरडा गेला." मग म्हणाली, "गुरुजी, मी काय तुमच्या मरनावर नजर ठिवून बसू? लवकर मेला तर बरं, असं म्हनू?"

सोळा वर्षांनी मी त्याच घराला पुन्हा कागदांसाठी थांबवत होतो, आणि या वेळी कागद माझ्या मृत्यूचा होता.

आज सकाळी मुदतठेव मोडून पूर्ण रक्कम रत्नाच्या खात्यात जमा केली. ही ठेव पुण्यातल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली होती. ती शस्त्रक्रिया मी नाकारली आहे. शस्त्रक्रियेने आयुष्य सहा-आठ आठवडे वाढले असते, तेही खाटेवर. हा निर्णय माझा आहे. भरतने त्याबद्दल रत्नास एक शब्दही बोलू नये. रक्कम दान म्हणून दिली असून ती माझ्या मालमत्तेचा भाग राहिलेली नाही. रत्नाने काय घेतले, का घेतले, उरले किती, हे माझ्या वारसांनी, मंडळाच्या जुन्या सदस्यांनी किंवा मी स्वतः तिला विचारू नये.

बँकेच्या पायरीवर ती मला म्हणाली, "येक सांगते, गुरुजी. आईनं तुमाला माफ केलं न्हवतं. मीबी करनार न्हाई. पैसं घेते."

तिच्या या बोलण्याची नोंद या लेखात राहावी. रक्कम विनाअट दिलेली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि त्यांच्या समक्ष प्रत्येक पानावर सही केली. वाचून झाल्यावर पहिल्या साक्षीदाराने, ज्याचे नाव खाली खोडले आहे, कलम ६ मधील शस्त्रक्रियेचे वाक्य वगळण्याची विनंती केली. ती मी मान्य केली नाही.

लिहून ठेवणार : हौशीराम रखमाजी भोर (सही)

साक्षीदार :
१. भरत हौशीराम भोर, वारूळवाडी. वकिलांनी लाभार्थी मुलाने साक्ष देऊ नये असे सुचवल्यावरून नाव खोडले. तो खोलीतच थांबला.
१. गोकुळ धर्माजी डुंबरे, निवृत्त शिक्षक, वारूळवाडी (सही)
२. सुदर्शन भागू वायकर, शेतकरी, खोडद (सही)

स्थळ : वारूळवाडी
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६