कोकिळाबाईंचे सहा महिने

जळगाव,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय नाना,

सलाम. तुम्ही आणि काकू धुळ्याला पोहोचल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं. पारोळ्याजवळ बस तासभर अडकली आणि तुमचा गुडघा सुजला, हेही कळलं. गरम पाण्याने शेका. मी आजपासून कामावर जायला लागले. कारखान्यातली मापनयंत्रं तपासायची राहिली होती, त्यामुळे दिवस कसा गेला ते कळलं नाही. घरी सगळं ठीक आहे. आईच्या वस्तू अजून हलवलेल्या नाहीत.

चर्चच्या मंडळीच्या मासिकात आईवर लेख लिहायचा आहे म्हणून तुम्ही तिचा फोटो मागितलात. फोटो पाठवत नाही. लेखही लिहू नका. कारण सांगते.

आईच्या अंत्यविधीत पाळकसाहेबांनी घरच्यांपैकी कुणी बोला म्हटल्यावर तुम्ही उठलात. कोकिळावहिनी प्रेमळ होत्या, विश्वासू सभासद होत्या, तीस वर्षांत त्यांनी आजारपणाशिवाय एक रविवार चुकवला नाही, असं म्हणालात. हे खरं आहे. तिथेच थांबायला हवं होतं. पुढे तुम्ही म्हणालात, "आणि नम्र किती! स्वतःला अपात्र समजून प्रभूच्या मेजापासून दूर राहायच्या." मागून कुणीतरी आमेन म्हणालं. मी पहिल्या बाकावर होते. शवपेटी समोर होती, म्हणून गप्प बसले.

नाना, आई नम्रतेने दूर राहत नव्हती. तिला तुम्ही दूर ठेवलं होतं.

एप्रिल २०१५ मध्ये शेजारचे कौतिकभाऊ वारले. धुरपदाबाई एकट्या पडल्या. आई दहा दिवस त्यांच्याकडे बसली आणि तेराव्याला त्यांच्या स्वयंपाकघरात सकाळपासून पुऱ्या लाटून शेवटी त्यांच्याच पंगतीत जेवली. तिने मूर्तीला दाखवलेला, ख्रिस्ती माणसाला वर्ज्य असलेला नैवेद्य खाल्ला अशी तक्रार चर्चच्या पंच कमिटीकडे गेली. तुम्ही चिटणीस होतात. ठराव तुमच्या अक्षरात आहे: सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, मुदत संपताच चिटणिसांनी विषय सभेपुढे आणून पुन्हा सामील करून घ्यावे. आईने तो ऐकून मान खाली घातली आणि "बरं" म्हणाली. ते मला आठवतं, मी बारावीला होते.

ऑगस्टमध्ये तुमची धुळ्याला बदली झाली. दप्तर नवे चिटणीस स्वप्नील सर यांच्याकडे देताना तुम्ही हा विषय कळवला नाही. ऑक्टोबरमध्ये मुदत संपली. विषय सभेपुढे आलाच नाही. नव्या पंचांना वाटलं, बाई आपणहून घेत नाहीत. कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबर २०१५ पासून या महिन्यापर्यंत प्रभुभोजनाचे, म्हणजे महिन्याचे पहिले, एकशे बारा रविवार होतात. कोरोनात चौदा वेळा प्रभुभोजन झालं नाही. उरले अठ्ठ्याण्णव. त्या प्रत्येक रविवारच्या आदल्या दिवशी प्रभुभोजनाचे छोटे पेले कोण धुवायचं, नाना? आई. गरम पाण्यातून दोनदा काढायची, मलमलच्या कापडाने पुसायची, उजेडात धरून डाग बघायची. भाकरीचे तुकडे करायची. आणि रविवारी त्याच भाकरीचा आणि द्राक्षरसाचा ट्रे तिच्यापुढून न थांबता जायचा.

तुम्ही नाताळात यायचात, मुक्काम जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत असायचा. तुम्ही तिच्या शेजारी बसायचात. स्वतःचा पेला उचलून ट्रे तिच्यासमोरून पलीकडच्या सुनंदाबाईंकडे द्यायचात. मी पाहिलंय. तुम्ही विसरला होतात की आठवूनही गप्प होतात, हे तपासायचं साधन माझ्याकडे नाही. तुम्हीच सांगा.

आता त्या दिवसाचं. कबरस्तानातून परत आलो तेव्हा धुरपदाबाई पिठलं-भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "खाई ले पोरी. तुन्ही माय मन्हा घर दहा दिन बसनी व्हती, मी एक दिन बी नही बसू का?" तुम्ही दोनदा वाढून घेतलंत. वर म्हणालात, "धुरपदाबाई, वहिनींच्या हाताला तुमचीच चव होती बरं का!" त्या म्हणाल्या, "मन्ही कसानी चव? तिनीच माले शिकाडं." सगळे हसले. त्या जेवणाचा नैवेद्य दाखवला होता का, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारायला नकोच होतं. पण मग दहा वर्षांपूर्वी काय विचारलं होतं तुम्ही?

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पत्र इथे संपवता आलं असतं. पण ते अपुरं राहिलं असतं, आणि अपुरं कागदपत्र मी कामावरही सही करून देत नाही.

मला हे तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. पाळकसाहेबांनी जुन्या कार्यवृत्तांच्या वह्या स्कॅन करायला दिल्या होत्या. त्यात ठराव सापडला, आणि पुढच्या वह्यांत तिला परत घेतल्याची नोंद कुठेच नव्हती. तोवर मीही समजत होते की मुदत संपल्यावरही आईच आपलं काही मनात धरून बसली आहे. मी तिला म्हणाले, तुझे सहा महिने कधीच संपलेत. ती म्हणाली, "मला माहीत आहे. दिवस मोजले होते मी. पण मेजाला मागून जायचं नसतं, बोलावलं की जायचं. नानांच्या लक्षात येईल. तू बोलू नकोस."

मी चर्चला फक्त तिच्यासाठी जात होते. माझा विश्वास केव्हाच उरला नव्हता, हे तिलाही माहीत होतं. मी म्हणाले, "घोटभर द्राक्षरसासाठी एवढं काय?"

ती उठली. आत जाऊन पेले पुसायला लागली. शनिवार होता.

मला एक फोन करायचा होता. तुमचा नंबर माझ्याकडे होता. केला नाही, कारण मला ते क्षुल्लक वाटलं. तिला ते क्षुल्लक वाटत नव्हतं, आणि मोजायचं होतं ते तिच्या मापाने. तुमच्यावरचा राग त्यामुळे कमी होत नाही. मी करून पाहिलं.

दोन मार्चला पहिला रविवार आहे. उपासना साडेनऊला. मी पाळकसाहेबांकडून दहा मिनिटं मागून घेतली आहेत. ते आधी म्हणाले, "झालं गेलं, बेटा, आता कशाला?" मी ठरावाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि हो म्हणाले.

तुम्ही या. जिथे उभे राहून तिला नम्र म्हणालात, तिथेच उभे राहून सांगा की तिने शिक्षा पूर्ण केली होती आणि तिला परत बोलवायचं काम तुमचं होतं. मेल्यानंतरचा ठराव मला नको. तिला तो वाचता येणार नाही. तिच्या अंगावर घातलेली खोटी नम्रता तेवढी काढून घ्या. ती जागेवर बसून वाट बघत होती, हे लोकांना कळू दे.

तुमच्यानंतर मी उठेन आणि माझं वाक्य सांगेन, घोटभर द्राक्षरसाचं. तुम्ही आला नाहीत तर दोघांचंही मीच सांगेन, आणि तुमचं सांगताना काही कमी करणार नाही.

आठची बस पकडू नका, उशीर होईल. सहाची घ्या.

कोकिळाबाईंची मुलगी,
ज्योत्स्ना