फाट्यावरचा चहा

१ मार्च २०२५, शनिवार

विश्वस्त झालो! पंचाहत्तराव्या वर्षी!

सकाळी हिरासिंगभाऊ स्वतः घरी आले. त्यांच्या शिक्षण मंडळाच्या पाच शाळा. नेर, राळेगाव आणि पुसद या तालुक्यांत विखुरलेल्या. मंडळावर एक जागा रिकामी झाली आहे. मानधन नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले — जणू मी विचारले होते. "सर, तुमी फक्त येत जा. आपल्या पोराईची भाषा सुदरली पाहिजे."

"सुधारली," मी म्हणालो.

"तेच तं म्हणून राह्यलो!" आणि छत हलेल असे हसले. मनुष्य मोकळा आहे. तांड्यावर वाढला, पहिली शाळा स्वतःच्या गोठ्यात भरवली. हे विसरता येत नाही.

मी एकच अट घातली. ज्या शाळेला मी भेट देईन तेथे स्वागताचे भाषण शिक्षकाने नव्हे, विद्यार्थ्याने करावे. जो निर्दोष करील त्याला माझ्याकडून शब्दकोश.

पुष्पा स्वयंपाकघरातून: "पोट्ट्याले कोश कायले? चपला द्या."

पन्नास वर्षे संसार करूनही तिला हे उमगले नाही. भाषा आम्हाला कोणी दिली नाही. आमच्या बापांच्या पिढीने धम्म घेतला, आम्ही भाषा घेतली. घेतलेल्या वस्तूवर डाग पडू देऊ नये.

५ मार्च, बुधवार

मंडळाचा वार्षिक अहवाल वाचून पाहिला. लाल शाई संपली.

११ मार्च, मंगळवार

आजचे आजच लिहितो.

राळेगावकडील शाळेची भेट ठरली होती. कार्यक्रम दहाला. मी साडेसातला तयार. हिरासिंगभाऊंची जीप आली नऊला. वाटेत मी दोनदा घड्याळ पाहिले. दहाला पाच मिनिटे कमी असताना आम्ही फाट्यावर पोहोचलो — तेथून शाळा हाकेच्या अंतरावर — आणि जीप थांबली! गोविंदाचे हॉटेल. म्हणजे चार टिनपत्रे आणि दोन बाकडी.

"आलोच आहोत, निघू या," मी म्हणालो.

"बसा ना सर! पाहुणा टायमावर गेला का त्याची किंमत जाते."

मी आयुष्यात कोठेही उशिरा गेलो नाही. पण बसलो. चहा बरा होता. दुसराही घेतला. हिरासिंगभाऊ निवडणुकीच्या गोष्टी सांगत होते, आणि त्या — खोटे कशाला लिहू — रंगतदार होत्या. मध्यंतरी मी गोविंदाला त्याच्या पाटीवरील 'चाहा' हा शब्द दुरुस्त करून देत होतो. त्याचे लक्ष नव्हते. तो एकसारखा बाहेर, वरच्या अंगाला पाहत होता. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

शाळेत पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दुतर्फा मुले. लेझीम, ढोल, फुलांच्या पाकळ्या. ऊन पाठीत शिरत होते. मग सातवीतील एक मुलगी पुढे आली — मोनाली. सडपातळ, डोळ्यांत पिवळसर झाक. आणि काय बोलली! एकही शब्द घसरला नाही. 'विश्वस्त' हा शब्द आमच्या मंडळावरील निम्म्या विश्वस्तांना उच्चारता येत नाही. तिने तो स्वच्छ उच्चारला. माझा हात पिशवीतील शब्दकोशाकडे गेला होता.

शेवटच्या वाक्याच्या अलीकडे ती थांबली. मला वाटले, विसरली. ती खाली बसली. मग आडवी झाली. मग ओरडू लागली — "हाडं फुटून राह्यले वो माय! बाई! माहे हाडं!"

तो आवाज! आत्ता जी बोलत होती तीच ही, यावर विश्वास बसेना.

मुख्याध्यापिका संगीताबाई धावल्या. तिला मांडीवर घेतले. "सिकलसेल आहे सर तिला, रक्ताचा आजार. ऊन सोसत नाही. पाणी आणा रे कोणी!"

तिला आमच्याच जीपमध्ये घातले. जीप निघाली. धूळ खाली बसत होती, आणि तेवढ्यात हिरासिंगभाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाले —

"सर, हार तेवढा घालून घ्या. फोटो राह्यला."

फोटो!

१२ मार्च, बुधवार

मोनालीला यवतमाळच्या दवाखान्यात हलवले. रक्त चढवत आहेत. पुष्पाने विचारले, जेवता का. नाही.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी हिरासिंगभाऊ आले. या खेपेस हसत नव्हते.

"पोट्टी घरूनच बिमार होती, असं बोलाचं. पेपरवाले इचारतीन. तुमच्या शब्दाले वजन हाय, सर."

मी म्हणालो, घरून आजारी आलेली मुलगी दहा मिनिटे अस्खलित भाषण करीत नाही. जे पाहिले तेच मी सांगेन.

"मंग सांगा. काय पाह्यलं तुमी?"

चौकशी मी कालच करून ठेवली होती. मुले आठ वाजल्यापासून रांगेत होती. आठ! मुलीचा आजार संगीताबाईंना ठाऊक होता. ठाऊक असून उभी केली! मी तर अकरानंतर पोहोचलो. माझा त्यात काय संबंध? मी हे सर्व त्यांना मुद्देसूद सांगितले. मुख्याध्यापिकेला पदावरून दूर करावे असा अर्ज त्यांच्यासमोरच लिहिला. एकही खाडाखोड झाली नाही.

हिरासिंगभाऊंनी तो घडी करून खिशात घातला. "बावीसच्या सभेत घेऊ." एवढ्या चटकन मानतील असे वाटले नव्हते.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कोणालाही अंगावर रंग टाकू दिला नाही.

१६ मार्च, रविवार

दवाखान्यात गेलो. शब्दकोश नेला. मोनाली झोपली होती. हाताला सलाईन, ओठ फुटलेले. तिची आई मानीबाई खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. मला पाहताच उभी राहिली. "जयभीम, सर."

"जयभीम. बसा."

ती बसेना. मी बसेपर्यंत बसलीच नाही.

धीर द्यावा म्हणून मी सांगितले — काळजी करू नका, मुख्याध्यापिकेवर कारवाई होणार. मी स्वतः मागणी केली आहे.

"बाईवर?" मानीबाई माझ्याकडे पाहत राहिली. "बाईवर कायले? बाईनं तं तिले सावलीत बसवलं होतं जी. दोन-दोनदा सांगतलं, तू उठू नको, गाडी आली का मंगच ये. बसलीही होती."

"मग?"

"शाळा वरतं हाय ना. तिथून फाटा दिसते. तुमची गाडी गोविंदाच्या हाटेलापाशी उभी दिसली अन् हे उठली. आले, सर आले! बाईनं हात धरला तं म्हणे, मी बसून राह्यली अन् सर आले तं? मले कोश भेटन काय? तवापासून उनात उभी. सारे पोरं म्हणे — आता येतीन, आता येतीन."

मी शब्दकोश मोनालीच्या उशाशी ठेवला.

"लय वेळ लागला ना सर तुमाले?" ती अगदी हळू म्हणाली. "पंक्चर झालती काय गाडी?"

मी 'हो' म्हणालो.

१७ मार्च, सोमवार

मी 'हो' म्हणालो.

१९ मार्च, बुधवार

संगीताबाई घरी आल्या होत्या. मी विहारात गेलो होतो. पुष्पाने सांगितले: बाई रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारले, सरांनी अर्ज देण्याआधी मला एकदा फोन का केला नाही? एकटीच्या पगारावर घर आहे, सासू अंथरुणावर आहे — हेदेखील पुष्पानेच खोदून काढले; बाई स्वतः बोलली नाही.

"तुमी शाळेत असतानी," पुष्पा म्हणाली, "पोट्ट्याले न इचारता कधी शिक्षा केली काय?"

नाही. कधीच नाही. हाच तर माझा लौकिक होता!

२२ मार्च, शनिवार

सभा झाली. जे घडले ते कोणाला सांगितले तरी पटणार नाही.

माझा अर्ज वाचला गेला. सर्वांच्या माना आधीच होकारार्थी हलत होत्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो की अर्ज मागे घेतो. दोष बाईंचा नाही. आम्ही फाट्यावर चहा पीत बसलो होतो आणि वरून मुलांना आमची गाडी दिसत होती. मुलगी आमच्याकडे पाहत उभी होती.

हिरासिंगभाऊ हसले. "अहो सर, चाहाचं काय घेऊन बसले! आपण काय दारू पेत होतो?"

मी म्हणालो की यापुढे एकाही शाळेत रांग नको, हार नको, लेझीम नको. पाहुण्याने वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसावे.

त्यांनी मला क्षणभर न्याहाळले. आणि मग टाळी वाजवली! "पाहा! याले म्हणते खरा माणूस! या वयात एवढं कोन बोलते? अरे, कोणीतरी शाल आणा रे!"

शाल आली. कपाटातच होती. नारळही. मी 'नको, नको' म्हणत असतानाच ती माझ्या खांद्यावर पडली आणि फोटो निघाला. माझी कबुली, आणि तिचाच सत्कार!

खाली उतरताना त्यांनी मला जिन्यात गाठले. आता हसणे नव्हते. "बाईचा इषय सोडला मी. तुमी चाहाचा इषय सोडा. बाहेर कोठं बोलू नका."

"मानीबाईंना सांगणार आहे."

"सांगून काय भेटन तुमाले?"

शाल त्यांच्या हातात ठेवून जिना उतरलो.

२७ मार्च, गुरुवार

मोनाली घरी गेली. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा खाट रिकामी होती. उशिरा पोहोचलो. मी!

२ एप्रिल, बुधवार

कोणालाही न कळवता एस.टी.ने गेलो. आधी संगीताबाईंची क्षमा मागायची, मग गावात मानीबाईंकडे, असे मनाशी ठरवले होते. फाट्यावर उतरलो. गोविंदा हॉटेलबाहेर उभा होता.

"सर, चा?"

"नको."

"आज टायमावर आले," तो म्हणाला. पाटीवर अजून 'चाहा'च होते. तसेच राहू दिले.

चढ चढू लागलो. अर्ध्यावर मान वर केली — आणि पाय थबकले. रांग! दुतर्फा! चिमुकली मुलेसुद्धा, हात जोडून, भर उन्हात. मी छत्री टाकून जवळजवळ धावत वर गेलो आणि संगीताबाईंवर ओरडलो. "कोणी सांगितले यांना? मंडळात मी नको म्हटले आहे ना?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "कोणीच नाही, सर. वर्ग चालू होता. खिडकीतून त्यांना पांढरं धोतर दिसलं. मी थांबा म्हणेपर्यंत बाहेर होती सगळी. ती आपोआप उभी राहतात."

आपोआप! पाच शाळा, इतकी वर्षे, इतके पाहुणे. आणि कोणी न सांगता मुलांना पक्के येते ते हे एकच.

मी मुलांना आत चला म्हणालो. कोणी हलेना. स्वागत झाल्याखेरीज आत जायचे नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. शेवटी मीच वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. तेव्हा एकेक जण आत आला, माझ्याकडे चोरून पाहत.

बाईंची क्षमा मागितली. शब्द आठवून, जुळवून नेले होते. एकही आठवला नाही. "चुकलं," एवढेच म्हणालो.

बाई म्हणाल्या, "पाणी घ्या, सर."

मानीबाईंच्या घराला कुलूप होते. तिखट — म्हणजे मिरची — तोडायच्या मजुरीला गेल्या होत्या, असे शेजारीण म्हणाली.

६ एप्रिल, रविवार

आज भेटल्या. मोनाली ओसरीत बसून शब्दकोश चाळत होती. मला पाहून उठू लागली. मी तिला खांद्याला धरून बसवले आणि स्वतः उभा राहिलो. म्हणालो, "मानीबाई, गाडी पंक्चर झाली नव्हती. मी फाट्यावर चहा पीत होतो. दोन कप."

मानीबाई तांदूळ निवडीत होत्या. सूप थांबले नाही.

"मले मालूम होतं, सर. गोविंदा माहा दीर होये. त्यानं त्याच दिवशी सांगतलं. म्हटलं, तुमाले इचारून पाहावं — सर काय म्हणते."